जागा बदललेलं पारायण

माझा स्वभाव चौकस आहे. यजमानांच्या शब्दांत सांगायचं तर भोचक. रिक्षावाल्याला त्याचं गाव विचारल्याशिवाय मी उतरत नाही. देवळात गेले तर आज नैवेद्य कसला, तो कुणी केला, एवढी चौकशी झाल्याशिवाय माझं दर्शन पुरं होत नाही. असं असूनही ज्या एका कागदाला मी प्रश्न विचारायला हवे होते, त्याला बारा वर्षांत एकही विचारला नाही. तो कागद म्हणजे आमची मेडिक्लेमची पॉलिसी. त्यापायी गेल्या वर्षी एक आठवडा असा आला की मला स्वतःचा राग आला आणि देवाचाही आला. देवाचा जरा जास्तच आला, कारण तो उलटून बोलत नाही.

मी बेलापूरला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कागदपत्रं करते. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरमध्ये काय आहे, कुठून आलं, विमा कशाकशाचा आहे, माल भिजला तर कोण भरून देणार, हे सगळं मी बारीक अक्षरांसकट वाचते. ऑफिसात नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला बजावते, बाई गं, मागच्या पानावरचं आधी वाच. आणि आमची स्वतःची पॉलिसी? ती एका ओळखीच्या एजंटाने आणून दिली, मी तिला हळदकुंकू लावलं आणि कपाटात ठेवून दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी केली असावी.

यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरी होती तोवर कंपनीचा विमा होता, त्यामुळे घरच्या पॉलिसीकडे कुणी वळून पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं आणि कंपनीचा विमा संपला. उरली ती तीन लाखांची घरची पॉलिसी. आम्हाला मूलबाळ नाही. सीवूड्सच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि आमचे दत्तगुरू. त्यांच्या भरवशावर तीन लाख पुष्कळ झाले, असं मी मनाशी धरून चालले होते.

एका मंगळवारी संध्याकाळी यजमान सोसायटीच्या जिन्यात बसले ते उठेनात. घामाने शर्ट चिंब झालेला. शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटल गाठलं. तपासणी झाली, तीन ठिकाणी अडथळे निघाले, बायपास करावी लागेल असं ठरलं. पण रक्त पातळ करायचं औषध पोटात गेलं होतं आणि साखरही चढलेली होती. औषधाचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या सोमवारी ऑपरेशन करायचं, असं डॉक्टर म्हणाले. तोवर त्यांना हॉस्पिटलातच ठेवायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, रूम कुठली देऊ?"

इथे मी चूक केली, आणि ती आमच्यासारख्या घरातलीच बाई करू जाणे. माझ्या सासूबाईंची रीत होती, की घरावर मोठं संकट आलं की आजाऱ्याच्या उशाशी बसून दत्तगुरूंच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करायचं. पारायणाचे नियम कडक होते. धुतलेलं, कुणी न शिवलेलं वस्त्र नेसायचं. एक वेळ जेवायचं. वाचताना मध्ये बोलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या दिवशी जिथे आसन मांडलं तिथून ते सात दिवस हलवायचं नाही. हे सगळं चार माणसांच्या खोलीत कसं जमणार? म्हणून मी म्हटलं, एकट्याची खोली द्या. भाडं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की खोलीत पूर्वेकडे तोंड करून खाली बसायला जागा आहे का. ती बिचारी खिडकीतून बाहेर बघून सूर्य शोधायला लागली.

बुधवारी सकाळी आसन मांडलं. निरांजन लावणार तोच सिस्टर धावत आली, "अहो काकू, भिंतीत ऑक्सिजनची लाइन आहे!" मग नुसती वात घातलेलं निरांजन समोर ठेवून मी वाचायला बसले. पोथीत सात दिवसांच्या सात चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या, कुठून कुठवर वाचायचं ते कळावं म्हणून. पहिला दिवस झाला, दुसरा झाला. खोली शांत होती, एसी होता, पडदेसुद्धा धुतलेले होते. फक्त यजमान भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. विचारलं तर "हूं" म्हणायचे. मी समजले, पोथी ऐकताहेत.

तिसऱ्या दिवशी वाचन आटोपलं तेव्हा खालून विम्याच्या टेबलावरून फोन आला. खाली गेले. तिथल्या मुलीने कागद पुढे केला. ऑपरेशनचा जो अंदाज निघाला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी विमा कंपनीने मंजूर केला होता. मी म्हटलं, अहो, तीन लाखांची पॉलिसी आहे, निदान तेवढे तरी द्या. तिने शांतपणे समजावलं. तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे. तुमची खोली त्याच्या अडीचपट भाड्याची आहे. त्यामुळे नुसतं भाडंच नाही, तर ऑपरेशन, डॉक्टर, भूल देणारा, या सगळ्यांचे पैसे त्याच प्रमाणात कापले जातात. इथेच घोडं पेंड खात होतं. मी तशाही अवस्थेत विचारलं, "पण डॉक्टर तोच, सुरी तीच. पेशंट झोपतो कुठे याच्याशी त्या सुरीचा काय संबंध?" ती मुलगी म्हणाली, "मॅडम, क्लॉज आहे." तिच्या वाट्यालाही तेवढंच उत्तर आलं असणार.

वर आले तर यजमान उठून बसलेले. चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं आणि आकडा सांगायला लावला. सांगितला. ते म्हणाले, "उद्या सकाळी घरी जायचं. मी सही करणार नाही." त्यांच्या थोरल्या भावाच्या आजारपणात चिपळूणची जागा गेली, वहिनींचं सोनं गेलं आणि शेवटी भाऊही गेला. ते सगळं यांनी जवळून पाहिलेलं. "गोळ्या घेईन. कर्ज काढून छाती उघडून घ्यायची नाही मला. मी गेलो तर तू राहायचंस कुठे?" मी रडले, भांडले, डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन झालं नाही तर महिनाभराचीसुद्धा खात्री देता येत नाही. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मला कळलं की तीन दिवस ते पोथी ऐकत नव्हते. भाड्याचा हिशेब करत होते.

त्या क्षणी मी पोथीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, महाराज, ही खोली तुमच्यासाठी घेतली. माझ्या जिवाला कॉटसुद्धा नको, मी जमिनीवर झोपते. तुमच्या सोवळ्यासाठी घेतलेली खोलीच यांच्या जिवावर उठली. नाकापेक्षा मोती जड झाला. आता तुम्हीच काय ते बघा. असं भांडून मी तशीच खाली आले आणि विम्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहिले. कुणाला फोन करावा, काय गहाण टाकावं, काही सुचेना.

बाकावर आधीपासून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल. खाडीकडल्या जुन्या गावातल्या असाव्यात हे बोलीवरून लगेच कळलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एकदम विचारलं, "कवऱ्याची हाय गो पॉलिसी?"

मी सांगितलं, तीन लाखांची.

"आन खोली कनची घेतलीस?"

"एकट्याची."

"तितंच फसलीस." त्यांनी कपाळाला हात लावला. "आमचा पन तितंच वाटोला झाला. पोराला वाटला, बापाला ऐटीत ठेवू. हाटेलसारका हाय बाय इथं. खोली भारी, मग डाक्तर पन भारी, सुई पन भारी. कंपनी निम्मं पन देत नाय."

मी विचारलं, "मग आता काय करता येईल?"

"वार्डात ने मालकाला. आजच ने. आपरेशनच्या दिशी खाट जिथं आसंल तितलाच भाव लागतो."

मला हे खरं वाटेना. मी उठून टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, हो, सहा खाटांच्या वॉर्डात गेलात तर भाडं मर्यादेत बसेल आणि ऑपरेशनचा दरही उतरेल, अंदाज नव्याने पाठवता येईल. मी म्हटलं, मग मघाशी का नाही सांगितलंत? ती गोंधळली. "तुम्ही विचारलं नाहीत ना मॅडम. सिंगल रूम तुम्हीच मागितली होती." मी, जिने जन्मभर जगाला प्रश्न विचारले, तिला हे ऐकून घ्यावं लागलं. बाकाकडे वळून त्या बाईंना विचारलं, तुमच्या यजमानांचं काय झालं. "गेला," त्या म्हणाल्या. "दोन म्हयने झालं. कागदावर शिक्का मारायचा रायलाय, त्याच्यासाठी रोज येतंय. मला कोनी सांगितला नाय गो तवा. सांगनारा भेटलाच नाय." मग त्यांचा नंबर पुकारला आणि त्या उठून गेल्या. नाव हिराबाय आणि घर देवळामागे, एवढं मी तेवढ्यात विचारून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं माझ्यात. तीन दिवस झाले होते, चार उरले होते, आणि आसन हलवायचं नव्हतं. हसू येईल, पण त्या वेळी मला ते खरोखर मोठं वाटत होतं. सासूबाई म्हणायच्या, अर्धवट मोडलेलं पारायण न केलेल्यापेक्षा वाईट. यजमानांचा जीव एका पारड्यात आणि मी दुसऱ्या पारड्यात दीड हात जागा घेऊन बसले होते. खोलीत जाऊन मी निरांजनासमोर डोळे मिटले आणि म्हटलं, काहीतरी खूण द्या. फूल पडू दे, कुणी काही बोलू दे, काहीही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही झालं नाही. बाहेर कुणाच्या तरी ताटाची झाकणं वाजत होती. मग माझ्या मनात आलं, की खूण बाकावर बसून, हिरवं लुगडं नेसून, मला तोंडावर फसलीस म्हणून गेली. आणखी किती मोठ्याने सांगायला हवं? मी आसन गुंडाळलं.

दुपारनंतर वॉर्डात खिडकीजवळची एक खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर बंदरात क्रेन चालवणारे एक भाऊ होते. मूळचे परभणीकडचे. त्यांची बायपास आठवड्यापूर्वी झाली होती, छातीत पाणी राहिलं म्हणून मुक्काम लांबला होता. त्यांच्या उशाशी बुद्धाची वीतभर मूर्ती होती आणि त्यांच्या पत्नी, रत्नाताई, सकाळी हलक्या आवाजात वंदना म्हणत. मी आल्या आल्या दोन खाटांमधल्या जागेत आसन टाकलं तेव्हा त्यांनी त्यांची पिशवी उचलून माझ्यासाठी जागा केली. "तुमी बसा वो ताई वाचायला. दादांना पानीबिनी लागलं तर मी बघते." चौथ्या दिवसाचं वाचन मी शनिवारी त्या वॉर्डात केलं. पूर्व कुठली ते कळेना. समोर कुणाचा तरी टीव्ही चालू होता, मागे कुणी कण्हत होतं. मध्ये न बोलण्याचा नियम चार वेळा मोडला, कारण चार वेळा कुणीतरी आपुलकीने चहा विचारला.

पण खरी गंमत पुढेच झाली. एकट्याच्या खोलीत तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले माझे यजमान इथे आल्यावर दोन तासांत बोलायला लागले. क्रेनवाले भाऊ खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायचे. यांना त्याचं नवल वाटलं. "दुखतं का हो?" हे त्यांनी विचारलं, आणि मी चकित झाले, कारण आजवर त्यांनी डॉक्टरांनाही एक प्रश्न विचारला नव्हता. भाऊ म्हणाले, "दुखतं की. पण हे बघा, असं धरायचं. लेकराला धरल्यासारखं. मग नाही फाटत." त्यांनी उशी यांच्या हातात दिली आणि खोकायचं कसं ते शिकवलं. दोन बाप्ये खाटांवर बसून उशा कवटाळून खोटं खोटं खोकत होते आणि सगळा वॉर्ड हसत होता. यजमान ज्याला घाबरत होते ते नुसतं कर्ज नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. छाती उघडायची या कल्पनेनेच ते गारठले होते, आणि पुरुषमाणूस भीतीला भीती म्हणत नाही, खर्च म्हणतो. शनिवारी संध्याकाळी नवी मंजुरी आली. उरलेली रक्कम आमच्या साठवणीत बसण्यासारखी होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, मागचं पानही वाचलं, आणि मग पेन मागितलं.

सोमवारी, म्हणजे पारायणाच्या सहाव्या दिवशी, सकाळी आठला वाचून मग त्यांना पाठवायचं असा माझा बेत होता. पण पहिलंच ऑपरेशन त्यांचं ठरलं आणि साडेसहालाच ट्रॉली आली. मी अंघोळही केली नव्हती. खाट सोडायची होती, कारण ऑपरेशननंतर ते आयसीयूत जाणार. सामान कुठे ठेवू? रत्नाताईंनी पिशव्या ओढून आपल्या खाटेखाली घेतल्या. ट्रॉलीमागे धावताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आज सहावा दिवस, खंड पडला." एवढंच. मग लिफ्टचं दार बंद झालं.

ऑपरेशन थिएटरबाहेर साडेपाच तास कसे गेले ते सांगता येणार नाही. जप करायला बसले तर मणी ओढायचं विसरत होते. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र तीन ओळींनंतर पुढे सरकेना. माझ्याकडे देवाला देण्यासारखं त्या दिवशी काहीही नव्हतं, वाचन नाही, जप नाही, सोवळं तर नाहीच. मी नुसती बसले होते. दुपारी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "छान झालं. आता उरलेलं काम त्यांचं शरीर करेल." काचेतून यजमानांना पाहिलं. नळ्याच नळ्या होत्या, पण छाती वरखाली होत होती. मी तिथेच जमिनीला हात लावून नमस्कार केला.

तीन वाजता सामान घ्यायला वॉर्डात गेले. क्रेनवाले भाऊ झोपले होते. रत्नाताई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर, धुतलेल्या टॉवेलवर, माझी पोथी होती. मला बघून त्या गडबडीने उठल्या. आधी दादांचं विचारलं, ऐकून डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, "खंड नाही पडला ताई तुमचा. पाचव्या चिठ्ठीपासून सहाव्या चिठ्ठीपर्यंत मी वाचून काढलं. दहावीपर्यंत शिकलेय मी. जुनी भाषा हाय, लई ठिकाणी अडखळले. पण एक ओळ सोडली नाही."

क्षणभर माझ्या आत काहीतरी आकसलं. हे लिहायला लाज वाटते, पण ते टाळून हा अनुभव सांगितला तर तो खोटा होईल. सासूबाईंच्या शिस्तीत या पोथीला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, याचे नियम होते, आणि ते नियम नेमके कोणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी होते हे मला कळत नव्हतं असं नाही. रत्नाताईंनाही ते कळत होतं. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि जराशा हसून म्हणाल्या, "सगळं पटलं मला असं नाही हां. दोन जागी तर रागच आला. तिथं जोरात वाचलं." मग मीही हसले, आणि हसता हसता त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. त्यांनी मला बराच वेळ थोपटलं. सातव्या दिवसाचं वाचन मी दुसऱ्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून पूर्ण केलं. तिथे जागेचा आणि दिशेचा विचारही मनात आला नाही.

यजमान नवव्या दिवशी घरी आले. चालायला लागले, जिना चढायला लागले, आणि मग पुन्हा मला भोचक म्हणायला लागले. तेव्हा मी हिराबायना शोधायला निघाले. मला विचारायचं होतं, की त्या दिवशी नेमक्या त्याच वेळी तुम्ही तिथे कशा, आणि इतक्या माणसांतून माझ्याशीच का बोललात. देवळामागचं घर सापडलं. त्या ओटीवर कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी पाया पडले, पेढे पुढे केले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोन गो तू?" मी सगळी हकीकत सांगितली तरी त्यांना मी आठवेना. "आगो, मी सगल्यांना सांगतंय. बाकावर बसला की सांगतंय. त्यातली तू कनची, मला काय म्हाईत?" माझे सगळे प्रश्न तिथेच संपले. मी ज्याला माझ्यासाठी आलेली खूण म्हणत होते, ते त्यांचं दुःखातून निघालेलं रोजचं काम होतं. त्याने माझी खूण काही लहान झाली नाही. उलट मला तेव्हा ती खरी वाटली.

पारायणाची सांगता मेहूण जेवू घालून करतात. मेहूण म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन महिन्यांनी मी क्रेनवाले भाऊ आणि रत्नाताईंना बोलावलं आणि रीत नसताना हिराबायनाही बोलावलं. रत्नाताईंनी फोनवर आधीच अट घातली, "जेवायला येतो ताई, पण ओवाळायचं आन पाया धुवायचं काही करू नका, आमाला अवघडतं." मी कबूल केलं. पुरणाचं जेवण होतं. हिराबायनी पान बघून विचारलं, "सुका जवला पन नाय?" आणि तरीही चार पोळ्या खाल्ल्या. यजमान आणि भाऊ आपापल्या छातीवरचे व्रण किती लांब यावर वाद घालत होते.

पानं आवरताना माझ्या मनात इतके दिवस घोळत असलेला प्रश्न मी शेवटी रत्नाताईंना विचारला. "त्या दिवशी वाचायला बसलात, तेव्हा मनात काय धरलं होतंत?"

"काय धरायचं?"

"म्हणजे मागणं. आम्ही वाचायच्या आधी संकल्प करतो. हे होऊ दे, ते टळू दे, असं देवाला सांगतो. तुम्ही यांच्यासाठी काय मागितलंत?"

त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर खरोखरीची पंचाईत दिसली, आपल्या हातून काही राहून गेलं की काय अशी. "असं मागायचं असतं व्हय? मला कुणी सांगितलंच नाही वो ताई. मी नुसतं वाचलं. तुमचं राहिलं होतं म्हणून."

तीस वर्षं मी ही पोथी वाचते आहे. काही मागितल्याशिवाय वाचलेलं एकही पान मला आठवेना. आणि ज्या सकाळी यजमानांची छाती उघडी होती, त्या सकाळी देवापुढे जे वाचलं गेलं, त्यात त्यांच्यासाठी एक शब्दसुद्धा मागितलेला नव्हता. महाराजांनी माझं कोणतं वाचन मोजलं आणि कोणतं सोडून दिलं, मला ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, ते विचारावं असंही वाटलं नाही. बाहेरच्या खोलीतून यजमानांनी हाक मारली, अगं, ताक राहिलंय का थोडं. मी नुसती उठले आणि त्यांना ताक दिलं.